समोरचा माणूस

खालापूरच्या शाळेत बदली होऊन मी आले, तेव्हा ज्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या, ते जयराम भोईर माणसांना नावानं ओळखत नसत, कार्यानं ओळखत. आम्ही जिन्याशी बोलत उभे असलो आणि रस्त्यानं कुणी बाई गेली, की ते हळूच म्हणत, "ही वावोशीची हळद." कुणी स्कूटरवरून गेला की, "हा चौकचा साखरपुडा. मोडला नंतर." एकदा एक चांगले धडधाकट गृहस्थ समोरून हसत आले, रामराम झाला, आणि ते पुढं गेल्यावर मला म्हणाले, "हे तेरावं." मी दचकलेच. त्या गृहस्थांच्या वडिलांच्या तेराव्याला ह्यांनी मंडप घातला होता, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला, शाळेतल्या पोरांसारखं, बाई म्हणत. खालच्या गोदामात बांबू, लोखंडी खांब, पडदे, गाद्या, खुर्च्यांच्या चळती आणि माणूस आत बसेल एवढाली पातेली. लग्नसराईत पहाटेपासून खाली जी आदळआपट सुरू व्हायची, तिनं माझी झोप मोडायची. पहिल्या वर्षी मी तक्रार केली. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "बाई, लोकांनी लगीन करायचं थांबवलं की आवाज बंद."

बुटका, गोल माणूस. खांद्यावर कायम सुतळीचा गुंडा. कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. छत किती उंच, पडदा कुठून सोडता येईल. माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हाही वरच बघत राहिले. मला वाटलं, पाल आहे. जेवायचे उभ्यानं. त्यांच्या पत्नी, सुरेखावहिनी, ताट घेऊन गोदामाच्या दारात यायच्या आणि चिडायच्या, "गावाला खुर्च्या वाटत फिरता, सोता बसा की एकदा!"

एका खुर्चीवर मात्र ते प्रत्येक कार्यात बसत. मंडप उभा राहिलाय, खुर्च्या मांडून झाल्यात, पाहुणे अजून यायचेत, अशा वेळी ते शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि स्टेजकडे बघायचे. "हितं बसणाऱ्याला कोण इचारत नाय बाई. गरिबाघरचा पाव्हणा हितंच येऊन बसतो. त्याला नवरी दिसली पायजे." नाही दिसली तर उभा केलेला खांब उपटून हलवायला लावायचे. कामाची माणसं वैतागायची. ती बहुतेक डोंगराकडच्या वाडीवरची होती, वर्षानुवर्षं भाऊंकडेच येणारी. वैतागायची, पण हलवायची.

माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न कर्जतजवळच्या एका गावात होतं. मंडप अर्थातच भाऊंचा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मोकळ्या शेतातून वावटळ उठली. पडदे फुगले, कडेचा एक खांब जमिनीतून सुटला. लोक उठून पळणार, तेवढ्यात भाऊंनी धावत जाऊन त्या खांबाला मिठी मारली. तसेच, मिठी मारून उभे राहिले, डोळे मिटलेले, केसांत धूळ. आणि शेवटचं सावधान झालं तेव्हा एक हात सोडवून त्यांनी खिशातल्या अक्षता नवरानवरीच्या दिशेनं फेकल्या. त्यांच्याशेजारच्या खांबाला मंगेश लटकला होता. मंगेश हा भाऊंचा टेंपोवाला. तिशीतला, शेजारच्या गावचा. टेंपो त्याचा स्वतःचा, पण भाऊंच्या मालाशिवाय दुसरं भाडं तो क्वचितच घ्यायचा. वारा पडल्यावर दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले, की भटजींनी रागानं पाहिलं.

हे मी एवढ्यासाठी सांगते आहे, की त्यानंतर जे झालं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

साथीच्या काळात लग्नं थांबली. गोदामाला कुलूप लागलं आणि भाऊ पहिल्यांदाच सबंध दिवस घरात बसले. कुणीतरी त्यांना मोबाइलवर शेअरबाजार दाखवला. सकाळी घ्यायचं, दुपारी बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं. किंवा, भाव पडणार असं वाटलं तर, आधी विकायचं आणि पडल्यावर मग घ्यायचं. वेळ घालवायला म्हणून ते शिकले. साथ गेली, लग्नं परत आली. पण तोवर लॉन आणि रिसॉर्ट वाढले होते, आणि तिथं त्यांचे त्यांचे डेकोरेटर होते. भाऊंना वरची किरकोळ कामं तेवढी मिळू लागली. कळंबकडच्या एका रिसॉर्टवर खुर्च्या कमी पडल्या म्हणून यांना बोलावलं, आणि फाटकावरच्या पोरानं सांगितलं, "डेकोरेशनवाल्यांनी मागच्या गेटनं यायचं." मागच्या गेटाशी उन्हात त्यांना उभं करून ठेवलं, आत घ्यायला कुणी आलंच नाही. हे मला वहिनींनी सांगितलं. भाऊ त्याविषयी कधी बोलले नाहीत.

एका दुपारी शाळेतून आले, तर गोदामासमोर दोन ट्रक उभे. खांब, गाद्या, पातेली, सगळं भरत होते. कर्जतचा एक मंडपवाला सगळा माल घेऊन चालला होता. वाडीवरची माणसं, ज्यांनी इतकी वर्षं तो माल वाहिला, तीच तो ट्रकमध्ये चढवत होती. मी जिन्यावर उभी राहिले. भाऊ म्हणाले, "बाई, आता तुमची झोपमोड बंद."

गोदामाला रंग दिला, एसी बसवला. मोठं टेबल, त्याच्यावर कॉम्प्युटरचे तीन पडदे. आणि जो माणूस बसून कधी जेवला नाही, तो सकाळी आंघोळ करून त्या टेबलाशी बसायचा तो बाजार बंद होईपर्यंत उठायचा नाही. मधे हाक मारलेली चालायची नाही. वहिनींनी चहा ठेवला तरी बोट वर करून थांब म्हणायचे.

मला वाटत होतं, हे फार दिवस टिकणार नाही. सगळेच बुडतात, हेही बुडतील आणि परत खांब रोवतील. तसं काही झालं नाही. भाऊंना ते जमलं. मी एकदा विचारलं, "एवढे शिकलेसवरलेले आपटतात, तुम्हाला कसं काय?" म्हणाले, "लोकं चुकलं तरी धरून बसतात बाई. मला कळलं चुकलं, की मी लगेच सोडतो. थोडं जातं, जाऊ दे. राग नाय, लोभ नाय." आणि खरंच तसं होतं. घराला वरचा मजला चढला, दारात गाडी आली, वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत चांगल्या ठिकाणी झालं. भाऊंना कुणाकडे पैसे मागायला जावं लागत नव्हतं, कुणाची वाट बघावी लागत नव्हती. मी माझ्या पगाराकडे बघायचे आणि मला हेवा वाटायचा. उगाच कशाला खोटं बोला.

गावातली पोरं येऊ लागली. गणपतीत चौकातल्या मांडवात एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, बाबा म्हणतात गॅरेज टाक. मी म्हणतो ट्रेडिंग शिकतो. काय करू?"

"गॅरेज टाकून काय करशील रं? जलमभर काळे हात," भाऊ म्हणाले. "धंदा म्हंजे काय? माणसं सांभाळा, गिऱ्हाईकाच्या शिव्या खा, वर पैशासाठी त्याच्याच दारात उभे ऱ्हावा. मी निम्मी जिंदगी त्यात घातली. आधी कळलं असतं तर एक बांबू रोवला नसता. हितं कोण मालक नाय, कोण गिऱ्हाईक नाय. आपण आन् बाजार. पण शिकून कर हां. घाई करू नको."

शेवटची दोन वाक्यं त्यांनी म्हटली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण लोक हसत होते, आरतीची गडबड होती, ती कुणी ऐकली असतील असं वाटत नाही. मंगेश तिथंच होता, हातात शिऱ्याची प्लेट. भाऊंनी मंडप बंद केल्यापासून त्याला भाडी शोधत रसायनीच्या कारखान्यांच्या दारात नंबर लावून उभं राहावं लागत होतं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. भाऊंकडे तो असा बघत होता, जसा आपण आपल्या बापाकडे बघतो, जेव्हा बाप पहिल्यांदाच मनातलं बोलतो.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजार एकदम कोसळला. मला त्यातलं कळत नाही. टीव्हीवर सगळे लाल आकडे होते एवढं पाहिलं. संध्याकाळी, ऊन अजून होतं, भाऊ जिना चढून वर आले. हातात पेढ्यांचा पुडा. आल्यावर वर छताकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई, तोंड गोड करा. आजच्यासारखा दिवस परत येणार नाय." बाजार पडणार हे त्यांनी ओळखलं होतं आणि सकाळपासून विकत सुटले होते. मी पेढा हातात घेतला, तेवढ्यात खालून कुणीतरी बाई हाका मारताना ऐकू आली.

मंगेशची बायको होती, पूजा. लहान मुलगी कडेवर. "भाऊ, हे हितं आलेत का? फोन लागत नाय."

"भाड्यावर गेला असंल," भाऊ वरूनच म्हणाले.

"टेंपो गॅरेजमधी हाय म्हणाले व्हते. महिना झाला. रोज डबा घेऊन जातात, म्हणतात बदली ड्रायव्हर हाय एकाकडं. आज मी त्या गॅरेजमधी गेले..." तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "टेंपो तिथं नव्हताच कधी. इकला त्यांनी."

भाऊ जिना कसे उतरले ते मला कळलं नाही. त्यांच्या गाडीत आम्ही तिघं बसलो, मुलीला वहिनींकडे ठेवलं. पूजाच्या मनात काय होतं ते तिनं तोंडातून काढलं नाही, पण पाताळगंगा नदीवरचा पूल आला तशी ती काचेला नाक लावून बघत होती. पुलावर कुणी नव्हतं. भाऊंनी दोनचार ठिकाणी फोन केले आणि मग गाडी वळवली. हायवेच्या कडेला जुन्या गाड्या विकणाऱ्याचं एक यार्ड आहे. तिथला माणूस आम्हाला बघताच पुढं आला. "बरं झालं आलात. दुपारपास्नं बसलाय. आतनं लॉक केलंय. दुसरी चावी त्याच्याकडं ऱ्हायली व्हती."

विकायला ठेवलेल्या गाड्यांच्या रांगेत मंगेशचा टेंपो उभा होता. काचेवर किमतीचा कागद चिकटवलेला. आणि त्या कागदाच्या मागं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, समोर बघत मंगेश बसला होता. जणू टोलनाक्याच्या रांगेत आहे. पूजानं काचेवर थापा मारल्या, त्यानं मान वळवली नाही. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्यात, पण उभ्या गाडीत गाडी चालवत बसलेला तो माणूस डोळ्यांसमोरून जात नाही.

भाऊ दुसऱ्या बाजूनं गेले. "मंगेश, दार उघड रं."

बऱ्याच वेळानं काच वीतभर खाली आली. "भाऊ," तो म्हणाला, "आज तुमी काय केलंत?"

"ते ऱ्हाऊ दे आता. खाली उतर."

"सांगा ना. कमावलंत का?"

भाऊंनी दाराच्या मुठीला हात घातला.

"मी सकाळपास्नं घेत व्हतो." त्याचा आवाज अगदी साधा होता, कुठं माल उतरवला ते सांगावं तसा. "पडला की घ्यायचो. वाटायचं, आता उलटंल. टेंपोचं सगळं गेलं. तुमी?"

"विकत व्हतो."

"कुठला?"

भाऊंनी एक आकडा सांगितला. मला त्याचा अर्थ नंतर कळला. बाजार त्या आकड्याच्या वर जाईल, अशी पैज मंगेश पैसे देऊन घेत होता. जाणार नाही म्हणत भाऊ तीच पैज विकत होते.

मंगेशनं मान हलवली. "तोच."

हायवेवरून गाड्या जात होत्या.

"म्हंजे समोर तुमीच व्हतात," मंगेश म्हणाला.

"तसं नसतं रं. हजारो लोकं असतात समोर. कुणाचं कुणाला जातं ते..."

"असतील की. पण तुमी पण व्हतात."

भाऊ टेंपोच्या पायरीला धरून खाली मातीत बसले. ते रडले नाहीत. नुसते आपल्या तळहातांकडे बघत बसले. शेवटी पूजानंच काचेच्या फटीतून हात घालून लॉक काढलं आणि नवऱ्याला बखोटीला धरून खाली उतरवलं. तिच्यात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, पण गोदामाचं दार उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. मी वहिनींना विचारलं, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सारखं एकच म्हणत बसलेत. माझ्याकडं आलेल्या पैशात मंगेशचं किती असंल. कोण सांगणार हो? त्या मशिनीला इचारून कळतंय व्हय?"

भाऊंनी पैसे भरून यार्डातून टेंपो सोडवला आणि मंगेशच्या दारात नेऊन उभा केला. मंगेशनं किल्ली अंगणात भिरकावली. "भीक मागाय आलो नव्हतो तुमच्या दारात," एवढं बोलला, आणि त्यानंतर भाऊंशी बोलणंच बंद केलं.

मग भाऊंनी जे केलं, त्यानं सगळ्या खालापुरानं तोंडात बोट घातलं. चालता, फायद्यातला उद्योग त्यांनी बंद केला. पडदे काढले, एसी काढला. कर्जतच्या त्या मंडपवाल्याकडून आपलाच निम्मा माल परत आणला, तो म्हणेल त्या भावाला. वाडीवर जाऊन माणसांना बोलावून आणलं. काही आली, काही दुसरीकडे लागली होती ती आली नाहीत. आणि पूजाकडे निरोप ठेवला: मला टेंपो लागतो. टेंपो तुमचा, भाडं तुमी सांगाल ते, पैसे भाड्यातून फेडा. मंगेशनं बायकोकरवी असं भाडं सांगितलं, की ऐकणारा हसेल. भाऊ हो म्हणाले. काम रोजचं झालं तसं नंतर मंगेशनंच ते भाडं मुकाट्यानं खाली आणलं.

पण बोलला नाही. सबंध लग्नसराई तो टेंपो घेऊन यायचा, माल भरायचा, पोचवायचा, निघून जायचा. भाऊ केबिनमध्ये शेजारी बसायचे. दोघं मुके. भाऊ कधी म्हणायचे, "डावीकडं घे रं." टेंपो डावीकडे वळायचा, उत्तर यायचं नाही.

मला राहवेना. एकदा मी सरळ विचारलं, "भाऊ, तुमचं तर चांगलं चाललं होतं. जे तुम्हाला येत होतं, ते सोडून परत हे? तुम्ही तर म्हणत होतात, धंदा म्हणजे नुसत्या शिव्या."

ते खुर्च्यांची चळत बांधत होते. गाठ मारून झाली तेव्हा बोलले. "वाईट व्हतं असं नाय म्हणत. कुणाला जमतं, मला जमलं. बाकीचे आपटतात ते मी बघत नव्हतो, एवढंच. पण बाई, मंडपात माझ्या हातनं कुणाचं वाटोळं झालं, तर तो येतो, माझी कॉलर धरतो. मी पाया पडतो, भरून देतो. मिटतं. तिथं कुणाचं वाटोळं केलं तेच कळत नाय. माझ्या नशिबानं मला कळलं." सुतळीचं टोक तोडत म्हणाले, "कमीनशिबानं म्हणा."

"आणि ती पोरं परत विचारायला आली तर?"

"येतात की. मी सांगतो, मंगेशला इचारा." आणि पुढची चळत ओढली.

पैशाच्या हिशेबानं त्यांनी तोटाच केला. वहिनी मला तसं स्पष्ट म्हणाल्या आणि चिडूनही म्हणाल्या. म्हातारपणी आयतं मिळत होतं, एका माणसापायी लाथाडलं. त्यांचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. पण मी ते यार्ड पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी भाऊ पहाटेच कुठल्याशा कामावर गेले होते, भेट झाली नाही. सामान आधीच पुढं गेलं होतं. मी एक बॅग घेऊन रिक्षात बसले. फाट्याजवळ सगळी वाहनं अडकून पडली होती, हॉर्न वाजत होते. रिक्षातून डोकावून बघते, तर एका अरुंद रस्त्याच्या तोंडाशी खांबांनी भरलेला एक टेंपो आडवा अडकलेला. मंगेशचा. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन तो ओरडत होता.

"अक्कल हाय का नाय तुमाला? दोनदा सांगितलं ना पूजाकडं, हा रस्ता बंद हाय? तोंड दिलंय ना देवानं? इचारायचं ना कुणाला तरी! आता कसा काढू हा मागं? सांगा ना! बसा आता हितंच मंडप घालून!"

भाऊ खाली रस्त्यात उभे होते. चार माणसांत, त्या पोराच्या वयाच्या माणसाच्या तोंडून ते सगळं ऐकून घेत होते. मला वाईट वाटलं, मी तोंड फिरवणार होते. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत ते रिक्षाशी आले. डोळे भरले होते, आणि चेहरा असा, की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. त्या वावटळीतसुद्धा नाही.

"बाई, ऐकलंत का? बोलला! शिव्या घातल्यान मला!"

रिक्षावाल्याला फट दिसली, त्यानं रिक्षा घातली. मागं वळून बघितलं तेव्हा भाऊ टेंपोच्या मागं जाऊन दोन्ही हात पसरून ट्रक थांबवत होते, आणि मंगेश त्यांच्यावर अजून ओरडतच होता.